मामाच्या सहा ट्यूबा आणि शापोरा नदी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मामाचे. गोव्यात, डिचोलीजवळच्या शिरगावच्या खाणरस्त्यावर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. चार खांब, वर पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याची सिमेंटची टाकी आणि मागे एक खोली. आमचं घर कारापूरला. वडील दुसऱ्याच्या बागायतीत राबायचे आणि आम्ही सात माणसं दोन खोल्यांत राहायचो. मी दहावी झालो त्या आठवड्यात मामा आला, माझी ट्रंक उचलली आणि आईला म्हणाला, "ह्येका मी न्हेतंय. हय ह्यो कोंबड्यांवांगडा अभ्यास करतलो?"

त्या मागच्या खोलीत मी पाच वर्षं शिकलो. मामा स्वतः तिसरीतून शाळेबाहेर पडलेला. तो दोडामार्गाकडच्या गावातून खाणीवर मजुरीला आला आणि पुढे टायरांत रमला. माझी परीक्षा असली की तो कॉम्प्रेसर बंद ठेवायचा आणि हवा भरायला आलेल्यांना पुढच्या दुकानात पाठवायचा. कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "आत फिजिक्स चल्लाहा." फिजिक्स म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण ड्रायव्हर मंडळी दबून जायची.

मामाची एक रीत होती. ट्यूबला पॅच मारून झाला की ती फुगवून टाकीत बुडवायची, बुडबुडा येत नाही याची खात्री करायची, पुसायची आणि मग व्हॉल्व्हजवळ खडूने एक गोल काढायचा. तो गोल असला की ड्रायव्हर ट्यूब हातात घेऊन बघतसुद्धा नसत. सरळ टायरमध्ये घालत. मला त्याने खडूला कधी हात लावू दिला नाही, आणि पॅच मारायलाही नाही. "तुझे हात पेनाक," म्हणायचा.

गोवा राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. समोरच्या चहाच्या गाड्यावर कोकणी की मराठी यावरून ड्रायव्हर रोज भांडायचे, आणि ते भांडण निम्मं कोकणीत, निम्मं मराठीत चालायचं. मला मात्र त्या दिवसांत इंग्रजीचा ध्यास होता. बीएस्सीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. शिक्षक व्हायचं तर इंग्रजी बोलता आलं पाहिजे, आणि माझं इंग्रजी अजून कोणा माणसाशी बोलून झालेलं नव्हतं.

मे महिन्यात मामा घराची कौलं परतायला आठ दिवस गावी गेला. जाताना त्याने सहा ट्यूबा दाखवल्या. ट्रकच्या, भल्यामोठ्या, तीन ड्रायव्हरांच्या. सगळ्यांवर गोल काढलेले.

"सोमवारी पहाटे तिघव येतले. तेंका द्यायच्यो. बाकी दुकान बंद ठेवलंस तरी चलात."

"बस, एवढाच?"

"एवढाच. पावसाआधीचे खेपो चल्लेहत. गाडी उभी रवली तर माझा नाव जाता."

हे काम सातवीतल्या मुलालाही जमलं असतं. मी मात्र पदवीच्या उंबरठ्यावर होतो.

शुक्रवारी दुपारी एक गोरा माणूस मोटरसायकल ढकलत आला. उन्हाने तो उकडलेल्या कुर्लीसारखा लाल झाला होता. मागचं चाक पार बसलेलं. माझ्या आयुष्यातली पहिली इंग्रजी संधी. मी उभा राहिलो, शर्ट नीट केला आणि व्याकरणाच्या पुस्तकातलं वाक्य म्हटलं: आपल्या आगमनाचं प्रयोजन काय, हे मी जाणू शकतो का?

त्याने चाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग अतिशय सभ्यपणे म्हणाला, "पंक्चर."

मोटरसायकलची ट्यूब मी बदलून दिली. एवढं मला येत होतं. तेवढ्यात त्याला त्या सहा ट्यूबा दिसल्या. कुठल्याशा देशात तो पाठीवर पिशवी टाकून फिरत असताना लोक अशाच ट्यूबांवर बसून नदीतून दिवसभर वाहत गेले होते, आणि तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख आणि सर्वांत चांगला दिवस होता, असं त्याने सांगितलं. तो दोन मित्रांबरोबर मोरजीच्या बाजूला राहत होता. जवळच शापोरा नदी. रविवारी जमेल का?

मामाला काय वाटेल, हा विचार माझ्या मनात आला. पण दिवसभर तीन माणसांशी इंग्रजीत बोलायला मिळणार होतं. आणि माझ्या शास्त्रीय बुद्धीने मला एक मुद्दा काढून दिला: ट्यूब पाण्यातच तपासतात ना? नदी म्हणजे मोठी टाकीच. आयुष्यात इतका भक्कम वाटलेला आणि इतका पोकळ निघालेला मुद्दा मी पुन्हा मांडलेला नाही.

गाडीची सोय मामाच्या मित्राने केली. तोही मामाच्याच गावचा. टेंपो चालवायचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याला मी मामाच म्हणायचो, पण इथे घोटाळा नको म्हणून टेंपोवाले म्हणतो. "गोरे पाण्यात काय करतत ता माका बघूचाच आसा," एवढं म्हणून ते तयार झाले.

रविवारी सकाळी मी सहाही ट्यूबा कॉम्प्रेसरने फुगवल्या. टायरबाहेर फुगवलेली ट्रकची ट्यूब किती मोठी होते, याचा अंदाज मला नव्हता. टेंपोच्या मागे दोन मावल्या, चार टपावर बांधल्या. अस्नोड्याला एका बाईने हटकलं, "सर्कस खंय लागल्या?" टेंपोवाले म्हणाले, "सर्कस न्हय गे, हत्तीचा लगीन. हे हार."

चोपडे फेरीच्या धक्क्यावर तिघे वाट पाहत उभे होते. तो पंक्चरवाला लांबडा, एक तांबड्या दाढीचा जाडा माणूस, आणि एक बाई. ती तिच्या देशात इस्पितळात नर्स होती. आमचा बेत असा होता: मोटरसायकली चोपड्यालाच ठेवायच्या, टेंपोने नदीच्या वरच्या अंगाला तुयेंपर्यंत जायचं, टेंपो तिथे ठेवायचा आणि पाण्यावर बसून चोपड्याला यायचं. मग मी आणि टेंपोवाले बसने जाऊन टेंपो आणणार. हा बेत मी कागदावर आकृती काढून समजावला. नदीवर बाणही काढला. एकच बाण.

तुयेंच्या काठावर उतरल्यावर टेंपोवाल्यांनी सगळ्यांना थांबवलं. नदीला राखणदार असतो, त्याला सांगितल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, पाण्याकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. प्रत्येक वाक्यामागे आपण 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, हे मी पाहुण्यांना समजावलं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ही परमुलखातली पोरां तुझ्या पाण्यात खेळाक इली हत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघे ओरडले. समोरच्या काठावरचे बगळे उडाले.

"तेंका पोवाक येता काय नाय, ता माका म्हायत नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या बीएस्सीवाल्याक वायच अक्कल दी रे म्हाराजा."

तांबड्या दाढीने याला सर्वांत जोरात साथ दिली. अर्थ कळल्यासारखी.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि आम्ही बसलो. चार ट्यूबांवर मी आणि ते तिघे. पाचवी जेवणाची. तिच्यात टोपली बसवून पाव, उसळ, सोलकढीचा कॅन आणि हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दोन बाटल्या ठेवल्या आणि ती ट्यूब नर्सबाईंनी आपल्या ओढणीने स्वतःच्या ट्यूबला बांधली. सहावी रिकामी राहिली. टेंपोवाले काठावर उभे राहून ती बघत राहिले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "रिकामी न्हेणा बरा नाय." ते बसले तेव्हा ट्यूब निम्मी पाण्याखाली गेली, पण तरंगली. मामाचे पॅच होते.

पहिला तास सुखाचा होता. ओहोटीचं पाणी आम्हाला हळूहळू खाली नेत होतं. ओहोटी हा शब्द मात्र तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. माझ्या मनात ती फक्त नदी होती, आणि नदी वाहते. आमच्या कारापूरच्या ओढ्यात लहानपणी सोडलेली पानं नेहमी एकाच दिशेला गेली होती. टेंपोवाले आणि मामाही डोंगराच्या पायथ्याचे. त्यांनाही पाणी खाली जातं एवढंच ठाऊक.

ट्रकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लांब, वाकडा, लोखंडी असतो. तो नेमका पाठीत टोचतो. दर दोन मिनिटांनी कोणीतरी कळवळून उडी मारायचं आणि पाण्यात पडायचं. पडलेल्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून वर ओढायचे. तांबड्या दाढीने हुर्राकची बाटली उघडली. टेंपोवाल्यांनी तिच्याकडे एकदा मायेने पाहिलं आणि मान फिरवली. "गाडी चलवूची आसा," म्हणाले, आणि सोलकढी घेतली. मी नर्सबाईंना इंग्रजीत सांगितलं की हा प्रदेश निसर्गसौंदर्याने नटलेला आहे. त्या म्हणाल्या, हो. नंतर मी तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं.

एका वळणावर एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायाने तिसऱ्यांचे शिंपले चाचपत होती. बाजूला टोपली तरंगत होती.

"खंय चल्ल्यात रे?" तिने विचारलं.

"चोपड्याक, काकी."

तिने आकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "आयजच?"

आम्ही हसलो. तीही हसली. ती कशाला हसली ते मला नंतर कळलं.

पुढे वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडला होता. तिथे आम्ही उतरलो. जेवण झालं. मग खेळ झाले. सहा ट्यूबांमधून एकामागून एक घुसून बाहेर पडायची शर्यत लावली. तिच्यात टेंपोवाले तिसऱ्या ट्यूबमध्ये अडकले आणि त्यांना दोघांनी पाय धरून ओढावं लागलं. "माका हयच फुगवन ठेवा," ते आतून म्हणत होते. मग लांबड्याने त्यांच्या देशातलं एक नृत्य शिकवलं, टेंपोवाल्यांनी फुगडी शिकवली. तांबडी दाढी आणि टेंपोवाले यांची फुगडी अशी घुमली की दोघे सुटून दोन दिशांना जाऊन पडले. दोन तास कसे गेले कळलं नाही. नर्सबाईंच्या चपला तरंगत निघाल्या तेव्हा कळलं की वाळूचा पट्टा लहान झाला आहे.

आम्ही पुन्हा ट्यूबांवर बसलो. पाणी आता आणखी शांत वाटत होतं. मग ते बऱ्यापैकी वेगाने चालू लागलं. मी पाठीवर रेलून इंग्रजीत काव्यात्म काहीतरी जुळवत होतो.

"मास्तर," टेंपोवाले म्हणाले, "तो वाकडो माड आदी बघलेलो मा?"

मी म्हटलं, वाकडे माड पुष्कळ असतात.

थोड्या वेळाने तीच तिसऱ्यावाली बाई दिसली. आता ती काठावर टोपली घेऊन बसली होती.

"गेल्यात तशे परत आयल्यात?"

लांबड्याने मला विचारलं, ती काय म्हणते? मी म्हटलं, ती आपलं स्वागत करते आहे. त्याने विचारलं, पण आपण तिला आधी भेटलो होतो ना? मी म्हटलं, या नदीत चक्राकार प्रवाह असावा. हे मी अगदी गंभीरपणे म्हटलं. बाईने काठावरून ओरडून सांगितलं, "भरती लागल्या रे. शाळेंत गेल्यात काय ना?"

चंद्राचं आकर्षण, पृथ्वीचं भ्रमण, दिवसातून दोनदा भरती का येते, यावर मी परीक्षेत दोन आकृत्यांसह उत्तर लिहिलं होतं. त्या उत्तरात शापोरा नदी नव्हती.

खरं सांगायचं तर पाहुण्यांना उलटं वाहण्यात जास्तच मजा आली. पण पाणी आम्हाला आता कडेला, खाऱ्या पाण्याकाठच्या खाजन शेतांच्या दगडी बांधाकडे रेटत होतं. ते दगड कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले होते, आणि कालवाची कड सुरीसारखी. आम्ही पाय लावून लावून दूर झालो. टेंपोवाल्यांचा अंगठा सोलला. तेवढ्यात ओढणीची गाठ सुटली आणि जेवणाची ट्यूब एकटीच बांधाकडे निघाली. तांबडी दाढी तिच्यामागे पोहली, पण ट्यूब आधी पोचली. एक लाट आली, ट्यूब दगडावर चढली आणि उतरली. फुस्स असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. टोपली बुडाली. तांबड्या दाढीने ती मऊ पडलेली ट्यूब मेलेल्या माशासारखी डोक्यावर धरून आणली.

कोणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही.

भरतीने आम्हाला बरोबर तुयेंला, टेंपोपाशी आणून सोडलं. बसचा त्रास वाचला. मी काठावर बसून ट्यूब तपासली. तीन चिरा. आणि मग बाकीच्या पाच पाहिल्या. त्यांना काही झालं नव्हतं, पण एकाही ट्यूबवर खडूचा गोल राहिला नव्हता. नदीने सगळे पुसून नेले होते.

ट्यूब एक गेली होती, पण मामाचं नाव सहा ठिकाणांहून गेलं होतं.

टेंपोवाल्यांनी मला धीर द्यायचा प्रयत्न केला. "सांग, ट्यूबच कुसकी होती. आणि गोल काय, खडू दुकानात आसा. तूच मार. कोण बघता?"

"मामाने तपासलेली ट्यूब कुसकी होती म्हणून सांगू?"

ते म्हणाले, "ता खरा. माका आवडला नसता."

रविवारी डिचोलीतली टायरची दुकानं बंद. दुसरा उपाय नव्हता. पॅच मलाच मारायचे होते. पाहुण्यांना चोपड्याला सोडायला गेलो, तर नर्सबाई टेंपोतून उतरेनात. ओढणीची गाठ त्यांची होती, असं त्या म्हणाल्या. मग लांबडा आणि तांबडी दाढी मोटरसायकलींवर टेंपोमागून आले, आणि सूर्य मावळायच्या आत आम्ही सगळे मामाच्या दुकानात होतो.

पाच वर्षं बघून मला कृती पाठ होती. कानशीने रबर खरवडायचं, सोल्युशन लावायचं, वर पॅच ठेवून लोखंडी चापात आवळायचं आणि चापाच्या वाटीत स्पिरिट पेटवायचं. बघणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं. पहिला पॅच तिरका बसला आणि करपला. तो सोलून काढावा लागला. तेव्हा नर्सबाईंनी मला बाजूला केलं. त्यांनी चिरा जखमांसारख्या तपासल्या, कडा स्पिरिटने तीनतीनदा पुसल्या, आणि तोंडाने फुंकर मारायला मला सक्त मनाई केली. जखमेवर फुंकत नाहीत, म्हणाल्या. मामा नेहमी फुंकर मारायचा. लांबड्याने चाप आवळला, तांबड्या दाढीने काड्या ओढल्या. टेंपोवाले समोर बसून अंगठ्याला हळद लावत म्हणाले, "पेशंट जगात काय?"

तिन्ही पॅच बसले. टाकीत बुडवलं तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. मग राहिलेल्या पाचही पुन्हा बुडवल्या. पाहुणे अंधार पडल्यावर गेले. खडूचा तुकडा फळीवर पडून होता. मी त्याला हात लावला नाही.

पहाटे तिघे ड्रायव्हर आले. सर्वांत वयस्कर होता त्याने ट्यूब उचलली, व्हॉल्व्हपाशी पाहिलं, उलटी केली, पुन्हा पाहिलं.

"खडू खंय?"

मी सगळं सांगितलं. नदी, गोरे, भरती, बांध. सांगताना ते जितकं मूर्खपणाचं वाटलं तितकं करताना वाटलं नव्हतं. चक्राकार प्रवाहाचं मी गाळणार होतो, पण तेही सांगून टाकलं. दुसरा ड्रायव्हर हसून हसून टायरवर बसला. वयस्कर हसला नाही.

"ह्या पाच मामाच्यो?"

"हो. काल पुन्हा बुडवल्या."

"परत बुडय. माझ्या म्होऱ्यां."

मी सहाही एकेक करून बुडवल्या. ते तिघे टाकीवर वाकून बघत होते. पाणी गप्प होतं. सहावीवर माझे तीन पॅच बघून त्याने नखाने कड उचलून पाहिली. उचलली गेली नाही.

"ही माझीच. स्टेपनीक घालतंय," तो म्हणाला. "पण मामाचो गोल हेका लावचो नाय. तुझी निशाणी काय ती मार. फाटली तर कोणाक धरूचा ता कळाक व्हया."

मी फळीवरचा खडू घेतला आणि एक फुली मारली. गाड्या गेल्या.

त्या दिवशीच मी मामाला पत्र लिहिलं. समोर बोलताना मी मामाला 'तू' म्हणायचो. पत्रात मात्र शाळेने शिकवलेलं 'तुम्ही' आपोआप यायचं. मामाला वाचायला वेळ लागायचा, म्हणून अक्षर मोठं काढलं होतं. पुढे तो वारल्यावर त्याच्या पेटीत ते पत्र मला सापडलं. ते असं होतं:

"मामा, साष्टांग नमस्कार.

इथे सगळं ठीक आहे असं आधी लिहितात, पण मी ते शेवटी लिहिणार आहे.

रविवारी तुमच्या सहा ट्यूबा मी तीन गोऱ्या लोकांबरोबर शापोरा नदीत नेल्या. खेळायला. दुसरं कारण नव्हतं. एक ट्यूब बांधावर फाटली. तिला मी पॅच मारले, तीन. एका नर्सबाईंनी मदत केली. सहाही ट्यूबांवरचे तुमचे गोल पाण्यात गेले. मी ते पुन्हा काढले नाहीत.

पहाटे तिन्ही ड्रायव्हर आले. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी सहाही बुडवायला लावल्या आणि घेऊन गेले. तिन्ही गाड्या खेपेला गेल्या. फाटलेली ट्यूब म्हाताऱ्या ड्रायव्हरने स्टेपनीत घातली आहे. तिच्यावर मी फुली मारली आहे. तुमचा खडू मी न विचारता घेतला, तेवढ्यासाठीच.

ते ड्रायव्हर तुम्हाला ही हकीकत माझ्याआधी सांगतील आणि वाढवून सांगतील. फुगडी मी घातली नव्हती, ती टेंपोवाल्यांनी घातली. त्यांचा अंगठा आता बरा आहे.

तुम्ही रागवाल. रागवा. पण निकाल लागायच्या आत मला पॅच मारायला शिकवा. माझे हात पेनाला ठेवलेत, पण काल रात्री झोपताना त्यांना सोल्युशनचा वास येत होता, आणि मला वाटलं की पाच वर्षं मी ज्या खोलीत शिकलो तिच्या पुढच्या बाजूला काय चालतं ते मला काल पहिल्यांदा कळलं. तुम्ही दिवसाला अशा कितीतरी ट्यूबा करता आणि मग माझ्यासाठी कॉम्प्रेसर बंद ठेवता.

मामीला नमस्कार. कौलांवर चढताना चपला काढून चढा, आणि खाली कोणीतरी असू द्या. बाकी ठीक.

तुमचा भाचा."